बर्फाखालची उशी

सिंगापुरात बसून बर्फ मोजतात असं सांगितलं की पुण्याची माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, फ्रीजमधला का? सुनेत्राने या विनोदावर हसणं केव्हाच सोडून दिलं होतं. शहरातल्या बुओना व्हिस्टा भागात एका काचेच्या इमारतीत तिचं ऑफिस होतं. हिमालयात उंचावर उभ्या केलेल्या खांबांवरून तिथे आकडे यायचे: बर्फ किती खोल आहे, त्याचं वजन किती भरतंय, किती वितळला. त्यावरून खालच्या धरणवाल्यांना सांगायचं की यंदा नदीला पाणी किती येईल आणि केव्हा. बाहेर बाराही महिने घामाच्या धारा आणि आत एसी एवढा कडक की सगळे स्वेटर चढवून बसलेले. त्यातल्या बहुतेकांनी बर्फ पाहिला होता तो सुट्टीत जपानला जाऊन, फोटोपुरता. सुनेत्राने मात्र तो खणला होता. मनालीजवळच्या एका संशोधन केंद्रात तिची उमेदीची वर्षं गेली होती. फावड्याने खड्डा करायचा, आत गुडघ्यावर बसून थरांवरून बोटं फिरवायची, नळी खुपसून बर्फ काढायचा आणि तोलायचा. बर्फ तिला हाताला कळायचा, आणि या गोष्टीचा तिला मनस्वी गर्व होता. हा गर्व लक्षात असू द्या, पुढे त्यानेच सगळा घोळ केला.

ऑफिसचं सगळं गणित ज्या मॉडेलवर चालायचं, त्याला लोक ‘निशी मॉडेल’ म्हणायचे. निशी म्हणजे निशिकांत, सुनेत्राचा साहेब. पुण्याचाच, हसतमुख, कुणाच्याही वाढदिवसाला केक कापायला पुढे. आणि मॉडेल त्याचं नव्हतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ते सुनेत्राचं होतं.

दोन वर्षांपूर्वी वडील गेल्याचा फोन आला तेव्हा ती हातातलं काम तसंच टाकून पुण्याला निघाली. जाताना निशिकांतला म्हणाली, ‘एकदा नजर घाल, मी आले की बोलू.’ दिवसकार्य उरकून ती परतली, तोवर निशिकांतने नजरच काय, सगळा हातच घातला होता. झुरिचच्या एका परिषदेत मॉडेल मांडून तो टाळ्या घेऊन आला होता, आणि महिन्याभरात मॅनेजरही झाला. ‘टीमचं काम आहे गं,’ तो म्हणाला, ‘आणि तुझं नाव होतं की, शेवटच्या स्लाइडवर, आभारात.’ आभारात! बाळंतपण हिने सोसलं आणि बारसं त्याच्या घरी झालं.

तेव्हा ती भांडली नाही. तिचा नवरा श्रीनिवास त्या वेळी नोकरी शोधत होता, त्यामुळे घरातल्या तिघांचाही सिंगापुरातला मुक्काम तिच्या एका नोकरीच्या पासवर टांगलेला होता, आणि पास साहेबाच्या मर्जीवर. तिने दात-ओठ खाल्ले आणि गप्प बसली. पुढे श्रीनिवासला बँकेत चांगली नोकरी लागली, पण गप्प बसायची सवय लागली होती. राग मात्र जिरला नाही. मीटिंगमध्ये कुणी ‘निशी मॉडेल’ म्हटलं की तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या, आणि ते रोजच कुणी ना कुणी म्हणायचं.

मग २०१७ चा मार्च उजाडला.

हिमाचलातल्या एका जलविद्युत कंपनीसाठी ते सोनधार नावाच्या एका जागेवर नजर ठेवून असत. तिथे एक खांब होता, तो वरून खाली आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनीवरून बर्फाची खोली सांगायचा. खांबाशेजारी जमिनीवर एक मोठी उशी पसरलेली होती, आत न गोठणारा द्रव भरलेली. बर्फ पडला की उशी दबायची आणि तेवढ्या दाबावरून वरच्या बर्फाचं वजन कळायचं. खोली फसवी असते, भुसभुशीत बर्फ उंच दिसतो आणि पाणी थोडं देतो. म्हणून खरी भिस्त उशीवर.

मार्च लागताच सोनधारच्या उशीवरचं वजन घसरायला लागलं. रोज थोडं थोडं. खोली मात्र होती तिथेच. मॉडेलने हिशेब केला की बर्फ यंदा लवकर वितळून निघून गेला, आता नदीला फारसं पाणी यायचं नाही. ऑफिसात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सुनेत्राने मात्र तो आलेख पाहिला आणि तिच्या बोटांना एकदम गारठा जाणवला.

हे तिने हाताने पाहिलं होतं. हिवाळा सरता सरता दिवसा ऊन तापतं, रात्री पुन्हा गोठतं, आणि बर्फाच्या पोटात एक कडक कवच धरतं. दोन विटांवर फळी ठेवावी तसं ते कवच उशीच्या वरून पलीकडे टेकतं आणि वरचं सगळं ओझं स्वतः पेलतं. खालच्या उशीला वाटतं भार कमी झाला. प्रत्यक्षात बर्फ सगळाच्या सगळा वर बसलेला असतो. कवच फुटलं की तो एकदम वितळतो आणि एकदम खाली येतो.

असं होणार हे माहीत असल्यामुळेच तिने मॉडेलमध्ये एक तपासणी घातली होती: खोली तशीच आणि वजन मात्र उतरतंय असं दिसलं, तर उशीवर विश्वास ठेवू नकोस. मग ही तपासणी बोलली का नाही? तिने कोड उघडला. तपासणी नव्हतीच. निशिकांतने आदल्या वर्षी मॉडेलची ‘साफसफाई’ केली होती. त्यात एवढी एक गोष्ट त्याला निरुपयोगी वाटली आणि त्याने ती काढून टाकली. परक्याचं पोर मांडीवर घेतलं, पण त्याला काय बाधतं हे विचारायची तसदी घेतली नाही.

सुनेत्रा खुर्चीत मागे रेलली. निशिकांतची खोली समोरच होती, काचेपलीकडे तो फोनवर मोठमोठ्याने हसत होता. तिने ठरवलं, आत्ता सांगायचं नाही. तीन आठवड्यांनी कंपनीच्या लोकांसमोर वसंताचा अंदाज मांडायची मोठी मीटिंग होती. डायरेक्टर मिस तान असणार, हिमाचलहून कंपनीचे ठाकूरसाहेब व्हिडिओवर असणार. निशिकांत उभा राहून आपलं मॉडेल, आपला अंदाज, असं छाती फुगवून सांगेल. तो बोलून खाली बसला की हिने उठायचं आणि शांतपणे म्हणायचं, हे साफ चूक आहे, आणि का चूक आहे ते ज्याने हे मॉडेल लिहिलं त्याला कळायला हवं होतं. त्याला असं तोंडघशी पाडायचं की पुन्हा कुणी ‘निशी मॉडेल’ हा शब्द उच्चारू नये.

नदीपात्रात काही काम निघणार आहे एवढं तिच्या कानावर होतं. पण काम मीटिंगनंतरच सुरू होईल, आपण त्याआधी बोलणारच आहोत, कुणाचं काही बिघडत नाही, असं तिने स्वतःला समजावलं. कुणाला विचारलं मात्र नाही.

आता सूड पोटात ठेवायचा म्हणजे तोंडावर साखर हवी. सुनेत्रा निशिकांतशी इतकी गोड वागायला लागली की तिचं तिलाच कसंतरी व्हायचं. त्याच्या विनोदांवर हसली. हॉकर सेंटरला जेवताना त्याच्यासाठी जागा धरून ठेवली. आणि होळी आली तशी तिने पुरणपोळ्या केल्या, त्याच्या घरच्यांसाठी वेगळ्या काढून.

‘आई, यू डोन्ट इव्हन लाइक हिम लाह,’ ऋता ओट्याशी उभी राहून शाळेतल्या सिंगापुरी हेलात म्हणाली. ती बारा वर्षांची होती आणि तिच्या कानातून काही सुटत नसे.

‘सण आहे,’ सुनेत्रा म्हणाली.

पोळ्या तिने पार्सलच्या पातळ प्लास्टिकच्या डब्यात भरल्या, खाऊन फेकून द्यावा असल्या. घरातला चांगला डबा तिने मुद्दाम काढला नाही. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, मग त्यांनी काहीतरी घालून पाठवायचं, मग पुन्हा आपण. ही ये-जा तिला नको होती. सूड उगवायचा त्या घराशी डब्यांचे व्यवहार कशाला वाढवायचे?

मीटिंगच्या दिवशी सकाळी निशिकांत तिच्या टेबलाशी आला. हातात स्टीलचा डबा, जाड, घट्ट झाकणाचा, जुन्या काळचा.

‘मेधाने दिलाय. ओल्या नारळाच्या करंज्या आहेत.’ मेधा म्हणजे त्याची बायको. ‘तुझ्या पोळ्या आमच्याकडे एका दिवसात संपल्या. मेधा म्हणाली, बघ, किती आठवणीने पाठवल्या तिने, आणि आपण हातावर हात ठेवून बसलोय.’

‘अरे, कशाला एवढं,’ सुनेत्रा म्हणाली. डब्याच्या कडेला यंत्राने नाव कोरलेलं होतं, लग्नात मिळालेल्या भांड्यांवर असतं तसं: सौ. मेधा, आईकडून.

‘आणि मीही तुला काहीतरी द्यायचं ठरवलंय,’ निशिकांत म्हणाला. ‘मीटिंगमध्ये कळेल.’

तो गेला. मलाही तुला काहीतरी द्यायचंय बाबा, सुनेत्रा मनात म्हणाली, आणि तेही मीटिंगमध्येच कळेल. तिला हसू आलं. असं मोकळं, आतून आलेलं हसू तिला त्या ऑफिसात पहिल्यांदाच आलं असेल.

मीटिंगची खोली भरलेली होती. मिस तान टेबलाच्या टोकाला पेन सरळ ठेवून बसल्या होत्या, त्यांना कशाचीच घाई नसे. समोरच्या मोठ्या पडद्यावर ठाकूरसाहेब होते, लोकरीची टोपी, मागे पत्र्याची भिंत. निशिकांत उठला. सुनेत्राने पाण्याचा एक घोट घेतला आणि आपलं पहिलं वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं.

‘अंदाज सांगण्याआधी,’ निशिकांत इंग्रजीत म्हणाला, ‘मला एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. या मॉडेलला तुम्ही सगळे माझ्या नावाने ओळखता. ते माझं नाही. ते सुनेत्राने लिहिलं आहे, सगळं. ती तिच्या वडिलांच्या अंत्यविधीला गेली होती तेव्हा मी ते माझं म्हणून मांडलं, आणि नंतर खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. असं असूनही ती माझ्याशी किती चांगली वागते हे मी गेले काही दिवस बघतो आहे. परवा माझी बायको मला म्हणाली, आपल्याकडे साध्या डब्यावरसुद्धा नाव घालतात, मग तिच्या कामावर तिचं नाव का नाही? तर आजचा अंदाज सुनेत्राच्या मॉडेलचा आहे, सुनेत्राच्या नावाने.’

पडद्यावर पहिलीच स्लाइड आली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात सुनेत्राचं नाव होतं. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मिस तान यांनीही वाजवल्या.

जे ऐकायला दोन वर्षं कान आसुसले होते ते कानावर पडलं, आणि सुनेत्राच्या पायाखालची जमीन सरकली. तिच्या नावाखाली दुसऱ्या ओळीत तो अंदाज होता: बर्फ लवकर वितळला आहे, एप्रिल संपेपर्यंत नदी शांत राहील. भरभरून टाळ्या वाजवणाऱ्या त्या माणसांसमोर ही चूक आता तिची होती.

आणि त्याने हे केलं होतं ते तिच्या गोड वागण्याला भुलून. तिच्याच पोळ्या, तिचंच हसू. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात तो किती प्रेमाने तिला हात धरून उतरवत होता! तिला त्याचा जेवढा संताप आला, तेवढा झुरिचचं कळलं तेव्हाही आला नव्हता. तेव्हा त्याने फक्त काम चोरलं होतं. आज सूडही नेला.

‘बहुत अच्छा, मॅडम,’ पडद्यावरून ठाकूरसाहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात मनापासूनचा आनंद होता. ‘आपकी पहली रिपोर्ट पर ही तो हमने काम शुरू कर दिया। नदी में बांध की दीवार बन रही है, आदमी वहीं तंबू में हैं। होली के दिन ही उतारे।’

मार्चच्या सुरुवातीला एक प्राथमिक अहवाल गेला होता, तो कुणी एवढा मनावर घेईल असं सुनेत्राला वाटलं नव्हतं. वाटून घेतलं नव्हतं म्हणा. तिला मनालीचे तंबू आठवले, त्यात रॉकेलच्या स्टोव्हवर मिळालेला काळा चहा, हातमोजे काढून तिच्या हातात कप देणारे लोक. तसे लोक तिने रोज पाहिले होते आणि आज ते नदीच्या पात्रात झोपत होते.

ती उभी राहिली. ‘उन्हें ऊपर बुलाइए,’ ती म्हणाली. ‘अभी। अंदाज ग़लत है। बर्फ गया नहीं है, सारा ऊपर बैठा है। कभी भी आएगा।’

ठाकूरसाहेबांनी काहीच विचारलं नाही. डोंगरातली माणसं अशा वेळी प्रश्न विचारत नाहीत. त्यांनी मागे वळून कुणाला तरी जोराने हाक मारली, फोन कानाला लावला आणि पडद्याबाहेर गेले. खोलीत सगळे पत्र्याच्या त्या रिकाम्या भिंतीकडे बघत बसले. मग सुनेत्राने इंग्रजीत समजावून सांगितलं: कवच, उशी, पेललेलं ओझं. तपासणी होती, आता नाही, हेही सांगितलं. कुणी काढली ते सांगायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात निशिकांतच म्हणाला, ‘मी काढली. मला तिचा अर्थ कळला नव्हता.’ तेवढं म्हणून तो खाली बसला. तेही श्रेय त्याने तिला मिळू दिलं नाही.

ठाकूरसाहेब परत आले, टोपी हातात होती.

‘निकल रहे हैं सब,’ ते म्हणाले. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे निरखून पाहिलं. ‘मॅडम, एक बात बताइए। आपको यह कब पता चला?’

साधा प्रश्न होता आणि उत्तर सोपं होतं. आज सकाळी, असं म्हटलं की संपलं. चुका होतात, लोक विसरतात. पण मग त्याचा अर्थ असा झाला असता की सुनेत्राने तो आलेख तीन आठवडे रोज पाहिला आणि तिला काही कळलं नाही. जिने खड्ड्यात बसून ती कवचं बोटांनी चाचपली होती, तिला ओळखता आलं नाही. ज्या दिवशी तिचं काम तिच्या नावावर झालं, त्याच दिवशी ते काम तिला येत नाही असं तिने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं? तिला ते जमलं नाही. वाईट म्हटलेलं तिला चालणार होतं, अडाणी म्हटलेलं चालणार नव्हतं. खरेपणा वगैरे काही नव्हता त्यात, नुसता गर्व होता.

‘होली से पहले,’ ती म्हणाली.

ठाकूरसाहेबांनी डोक्यावर टोपी घातली, ‘ठीक है जी,’ म्हणाले आणि पडदा काळा झाला. मिस तान यांना हिंदी येत नव्हतं, पण खोलीतल्या ज्यांना येत होतं त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना काय कळायचं ते कळलं. तरी त्यांनी एकाला विचारून घेतलं. मग पेन उचलून सुनेत्राला म्हणाल्या, ‘काय घडलं त्याचा अहवाल आज क्लायंटला गेला पाहिजे. तूच लिही. तुझं मॉडेल आहे, तुझंच नाव जाईल त्यावर. उद्या सकाळी मला येऊन भेट.’

संध्याकाळी लिफ्टपाशी निशिकांत उभा होता. ती आली तरी तो हलला नाही. ‘तू मला एक शब्द बोलली असतीस तर,’ तो म्हणाला.

‘तू दोन वर्षं एक शब्द बोलला नाहीस.’

‘आज बोललो ना.’

लिफ्ट आली, त्यात दोघंही शिरले आणि खाली पोहोचेपर्यंत आपापल्या फोनमध्ये बघत राहिले.

घरी तिने डबा ओट्यावर ठेवला आणि नुसती बसून राहिली. ऋताने झाकण उघडलं, एक करंजी खाल्ली, मग दुसरी, मग श्रीनिवाससाठी दोन बाजूला काढून उरलेल्याही संपवल्या. श्रीनिवासला काय सांगायचं आणि किती सांगायचं याची सुनेत्रा मनात जुळवाजुळव करत होती. बातमी तिच्या फोनवर आधीच आली होती: सोनधारखाली दुपारपासून पाणी चढतंय, माणसं वर आहेत, तंबू गेले. माणसं वर आहेत एवढं तिने पुन्हा पुन्हा वाचलं.

‘सो नाइस,’ ऋता म्हणाली. ‘कुणी केल्या?’

‘मेधा काकूने.’

ऋताने रिकामा डबा फिरवून पाहिला. शाळेत मराठी नसलं तरी अक्षरं तिला येत होती. कोरलेल्या नावावर बोट ठेवत तिने ते एकेक करून वाचलं.

‘हा आपला नाही. हर नेम इज देअर. म्हणजे परत द्यायचा,’ ती म्हणाली. ‘आणि एम्प्टी नाही द्यायचा, राइट? यू ऑल्वेज से. मग आपण काय घालायचं आत?’

सुनेत्रा उठली. तिने डबा ऋताच्या हातून घेतला, नळाखाली धरला आणि घासायला लागली. तो स्वच्छ झाला तरी तिने नळ बंद केला नाही.

‘आई?’ ऋता म्हणाली. ‘काय घालायचं?’